क्लच दाबला की आवाज येतो: पेडलचा की रिलीज बेअरिंगचा?

‘क्लच दाबला की आवाज येतो’ एवढंच सांगून गाडी गॅरेजात सोडली, तर पुढचं सगळं समोरच्याच्या अंदाजावर चालतं. कारण या एका तक्रारीमागे दोन अगदी वेगळी दुखणी असू शकतात. पायाजवळचं, डॅशबोर्डखालचं दुखणं घराच्या अंगणात अर्ध्या तासात बरं होतं. गिअरबॉक्सच्या पोटातल्या, म्हणजे रिलीज बेअरिंगच्या (पेडल दाबलं की क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगच्या) दुखण्याला मात्र गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हातच लागत नाही. यात कुणी चांगली असलेली क्लच प्लेट बदलून बसतो, तर कुणी घरघरणाऱ्या बेअरिंगसाठी पेडलवर स्प्रे मारत महिने काढतो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

ओळखायची खूण सोपी आहे. पेडलचा आवाज पायाच्या तालावर चालतो आणि बेअरिंगचा इंजिनाच्या. पेडल खाली जाताना ‘कुईं’ आणि वर येताना पुन्हा ‘कुईं’ झालं, पण पाय मध्येच थांबवला की आवाजही थांबला, तर तो पेडलचा. उलट पेडल दाबून धरलेलं असतानाही घर्रर्र चालूच राहिली, आणि न्यूट्रलमध्ये एक्सिलरेटर जरा वाढवल्यावर तिचा सूर बदलला, तर ती रिलीज बेअरिंगची.

याहून पक्की खात्री इंजिन बंद करून होते. हँडब्रेक ओढा, चावी काढा, आजूबाजूला शांतता असू द्या आणि पेडल हाताने सावकाश दाबा. इंजिन बंद असताना बेअरिंग फिरतच नाही, त्यामुळे तेव्हाही कुरकुर येत असेल तर ती फिरणाऱ्या बेअरिंगची नव्हे. फक्त एक अपवाद ध्यानात ठेवा. गिअरबॉक्सकडचा क्लच फोर्क, म्हणजे बेअरिंग ढकलणारा दांडा, त्याच्या टेकूवर कोरडा पडला, तर तोही इंजिन बंद असताना कुरकुरतो. म्हणून बॉनेट उघडून घरातल्या कुणाला तरी पुढे उभं करा आणि आवाज गाडीच्या आतून, पेडलकडून येतो की पुढे गिअरबॉक्सकडून, ते ऐकायला सांगा. पुढून येत असेल तर ते काम घरचं नाही.

आवाज आतूनच येतो असं ठरलं, की सीट मागे सरकवा, मॅट काढा आणि टॉर्च घेऊन खाली वाका. पेडलचा दांडा वर जिथे आडव्या पिनेवर डुलतो, तिथे बोट टेकवून दुसऱ्या हाताने पेडल दाबा. आवाज जिथून निघतो तिथे बोटाला बारीक थरथर जाणवते. कानापेक्षा बोटावर जास्त विसंबावं, कारण पत्र्याच्या त्या अरुंद जागेत आवाज घुमतो आणि चकवतो. पिनेजवळचे प्लॅस्टिकचे बुश (पिन ज्यात फिरते त्या कड्या), परत ओढणारी स्प्रिंग, तिची दोन्ही टोकं आणि पेडलला पुढचा दांडा किंवा केबल जोडणारी छोटी पिन, एवढ्या जागा चाचपायच्या.

गोव्यात ही कुरकुर इतकी का भेटते, हे त्या पिनेकडे पाहिलं की कळतं. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, चपलांबरोबर आत येणारी लाल माती, किनाऱ्याकडे राहत असाल तर वाळू आणि खारं वारं. जुनं ग्रीस या सगळ्याला धरून ठेवतं आणि तपकिरी, खरखरीत लगदा होऊन बसतं. त्यावरच नवं ग्रीस थापलं तर पेडल आठवडाभर गप्प बसतं, मग पुन्हा सुरू. म्हणून आधी कापडाने आणि जुन्या टूथब्रशने तो लगदा काढा. मगच प्लॅस्टिकच्या बुशला सिलिकॉन ग्रीस आणि स्प्रिंगच्या टोकांना, जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथे, पांढरं लिथियम ग्रीस लावा. वाटाण्याएवढं पुरे. मग पेडल वीस-पंचवीस वेळा दाबून ते आत मुरू द्या.

घराघरात सापडणारा डब्ल्यूडी-४० गंज आणि ओल काढायला छान, पण तो पातळ असल्यामुळे त्याचा गुण फार टिकत नाही. बिजागरीला लावतो तसं खोबरेल तेलही इथे नको, ते चिकट होतं आणि धूळ धरतं.

काहीही फवारायचं असेल तर खाली कापड अंथरा. शेजारीच ब्रेकचं पेडल असतं आणि त्याच्या रबरावर तेलकट थर बसला तर पाय सटकेल. ही गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. पेडलच्या वरचे स्विचही टाळा, आणि पिवळ्या वायरी किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावू नका, ते बहुधा एअरबॅगचे असतात.

क्लच हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा असेल, तर पेडलला जोडलेला पुढचा दांडा पत्र्याच्या भिंतीतून जिथे पुढे जातो, तिथे बोट फिरवून बघा. ओलं लागलं तर मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा) गळतोय. मग ग्रीसचा विषय संपला, गाडी दाखवायलाच हवी, कारण बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकचं ऑइल एकाच डबीतून जातं. त्या दांड्याच्या रबरावर साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल कधीच लावू नये, आतले सील फुगतात. केबलचा क्लच असेल आणि पेडल जड होऊन सावकाश परतत असेल, तर केबल बदला. आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल ओतून काही साधत नाही.

साफ करून, ग्रीस लावूनही पेडल डावी-उजवीकडे हलत असेल, तर बुश झिजले आहेत. ते नवे घाला. स्वस्त असतात.

आता बेअरिंग. ते सीलबंद असतं, बाहेरून ग्रीस पोचत नाही. भाग साधा असला तर किंमत फार नसते, खरा खर्च गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीचा. झिजतं ते मुख्यतः आपल्या पायामुळे: क्लचवर पाय विसावून गाडी चालवणं, पर्वरीच्या कोंडीत गिअरमध्ये पेडल दाबून थांबणं, चोरला घाटात चढावर हाफ क्लचवर गाडी तोलणं. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघतानाही पुष्कळजण पहिला गिअर टाकून क्लच दाबून बसलेले दिसतात. रांग हलेपर्यंत न्यूट्रल आणि हँडब्रेक, एवढी सवय लावली तरी बेअरिंगचं आयुष्य वाढतं.

घरघर उलटी असेल, म्हणजे न्यूट्रलमध्ये पाय वर असताना येत असेल आणि क्लच दाबताच थांबत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर जातो. हे मेकॅनिकला आवर्जून सांगा.

बेअरिंगच निघालं, तर गिअरबॉक्स खाली आलेला असतानाच क्लच प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट स्वतः बघून घ्या. झिजल्या असतील तर पूर्ण सेट घालणं परवडतं, नाहीतर वर्षभरात तीच मजुरी पुन्हा भरावी लागेल. इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलकडेही त्याच वेळी नजर टाका. तिथे तेल पाझरत असेल तर नव्या प्लेटवर तेल पडायला वेळ लागत नाही.