लॉरी बेकर: त्रिवेंद्रमच्या घरांमागची गोष्ट

वास्तुविशारद लॉरी बेकर यांचं नाव निघालं की लगेच 'स्वस्त घरं' हा शब्द येतो. शब्द चुकीचा नाही, पण अपुरा आहे. बेकर एका घराचा नकाशा दुसऱ्या घराला वापरत नसत. घरात माणसं किती, रोजचं राहणं कसं, जमिनीला उतार किती, कोणतं झाड वाचवायचं, हे पाहून प्रत्येक घर नव्यानं काढलं जाई.

जन्म 1917 चा, बर्मिंगहॅमचा. वास्तुकलेचं शिक्षणही तिथलंच. दुसऱ्या महायुद्धात ते क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. परतताना बोटीची वाट पाहत मुंबईत अडकले आणि तिथे गांधीजींची गाठ पडली. घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी पुढे आयुष्यभर धरून ठेवला. 1945 मध्ये ते कुष्ठरोग्यांच्या संस्थेच्या इमारतींसाठी पुन्हा भारतात आले. 1948 मध्ये डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी लग्न झालं आणि दोघं हिमालयात पिथोरागडच्या डोंगरात राहायला गेले. खरं शिक्षण तिथे झालं. तिथले लोक दगड, माती आणि लाकडावर घर उभं करत आणि ते टिके. कॉलेजात शिकवलेलं तिथे फारसं कामाला येईना.

1963 मध्ये दोघं केरळात वागमणला आले, आणि त्या दशकाच्या शेवटी त्रिवेंद्रमला. मुख्यमंत्री अच्युत मेनन आणि अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्यामुळे त्रिवेंद्रममधल्या उल्लूरच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संशोधन संस्थेच्या इमारतींचं मोठं काम त्यांच्याकडे आलं. विटेच्या जाळ्या, गोल जिने, गिलावा न केलेल्या भिंती असं सगळं तिथे एका जागी पाहायला मिळतं.

त्यांची सर्वांत जास्त नक्कल झालेली गोष्ट म्हणजे रॅट ट्रॅप बाँड, म्हणजे भिंतीत विटा रचायची एक पद्धत. वीट चपटी न ठेवता कडेवर उभी करायची. 9 इंची भिंतीत 3-3 इंचांच्या दोन विटा समांतर, मध्ये 3 इंचांची पोकळी, आणि दोन्ही बाजू बांधायला अधूनमधून आडवी वीट. विटा साधारण चतुर्थांश वाचतात, माल, म्हणजे विटा जोडायचं मिश्रण, तोही कमी लागतो, आणि पोकळीतल्या हवेमुळे खोली कमी तापते. पण वीट एकसारख्या मापाची आणि धारदार कडांची हवी. वेडीवाकडी वीट आली की सांधे जाड होतात आणि वाचलेला माल तिथेच संपतो. घाईत गवंडी पोकळीत माल पडू देतो. तो साचला की बाहेरच्या भिंतीची ओल त्यावरून आत येते. जोत्यावरचा पहिला थर, खिडकीखालचा आणि लिंटेलखालचा (दार-खिडकीवरच्या आडव्या पट्टीखालचा) थर भरीव हवा. विजेचे पाइप भिंत चढतानाच पोकळीतून न्यावे लागतात. नंतर छिन्नी मारली तर 3 इंचांची वीटच फुटते.

स्लॅबचंही तसंच. स्लॅबच्या खालच्या भागातला ताण सळया घेतात, तिथलं बरंचसं काँक्रीट नुसतं वजन वाढवतं. म्हणून सळयांच्या चौकटींत मंगलोरी कौलांच्या जोड्या ठेवायच्या. कौलं आधी पाण्यात भिजवली नाहीत तर ती काँक्रीटचं पाणी शोषतात आणि भोवतालचं काँक्रीट कच्चं राहतं. दोन कौलांमधली पट्टी अरुंद ठेवली तर सळईभोवती माल नीट बसत नाही. तुळईलगत कौल ठेवायचंच नाही, तिथे भरीव काँक्रीट लागतं. पंख्याचा हूकही आधीच ठरवावा लागतो, नाहीतर ड्रिल नेमकं कौलात शिरतं.

हे सगळं कागदावर ठरत नाही. म्हणूनच बेकर जुन्या पाकिटांच्या मागे रेखाटनं करत, दिवसभर साइटवर राहत आणि भिंत गवंड्यासमोर बदलत. ही पद्धत दुसऱ्यांच्या हातात जावी यासाठी 1985 मध्ये कॉस्टफोर्ड ही संस्था उभी राहिली. 1990 मध्ये पद्मश्री मिळाली. 1 एप्रिल 2007 रोजी त्रिवेंद्रममध्ये नालंचिराच्या 'हॅम्लेट' या त्यांच्या घरी त्यांचं निधन झालं. ते घर उतारावर वर्षानुवर्षं वाढत गेलेलं, आणि बरंचसं टाकाऊ सामानातून बांधलेलं आहे.