स्नायुतंतूंच्या पटलातील प्रथिने आणि स्नायुक्षय : पार्श्वभूमी

लंडनचे वैद्य एडवर्ड मेरियन यांनी १८५१ साली तेथील रॉयल मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीपुढे काही मुलग्यांच्या आजाराचे वर्णन केले आणि पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध झाले. या मुलग्यांचे स्नायू वर्षागणिक दुबळे होत जात आणि आजार काही ठरावीक कुटुंबांतच दिसे. मृत मुलाचा मज्जारज्जू तपासला असता तो निरोगी आढळला. त्यावरून दोष नसांमध्ये नसून स्नायूतच आहे, असे मेरियन यांनी मांडले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना त्याहून महत्त्वाची गोष्ट दिसली होती. स्नायुतंतूभोवतीचे जे पातळ आवरण, म्हणजे पटल, विल्यम बोमन यांनी १८४० साली सारकोलेमा या नावाने वर्णिले होते, ते जागोजागी मोडून नष्ट झाले होते.

या निरीक्षणाकडे पुढे शतकभर जवळजवळ कोणी लक्ष दिले नाही. फ्रान्समध्ये गीयोम ड्यूशेन यांनी १८६८ साली १३ रुग्णांचा सविस्तर वृत्तांत दिला आणि स्वतः तयार केलेल्या सुईने जिवंत रुग्णाच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला. ते काम मोठेच होते आणि आजाराला त्यांचेच नाव मिळाले. पण चर्चेचा रोख स्नायूत साचणाऱ्या चरबीकडे आणि तंतुमय ऊतीकडे वळला. मेरियन यांची झालेली उपेक्षा मला अन्यायाची वाटते, कारण आजाराचे नेमके ठिकाण त्यांच्या वर्णनात आधीच आलेले होते.

पटलाकडे लक्ष पुन्हा वळले ते रक्ततपासणीमुळे. एरवी स्नायुपेशीच्या आत राहणारे क्रिएटिन कायनेज हे विकर रुग्णांच्या रक्तात फार मोठ्या प्रमाणात सापडते, हे १८५१ नंतर शतकाहून अधिक काळाने, १९५९ साली, जपानमध्ये सेत्सुरो एबाशी आणि सहकाऱ्यांनी दाखवले. आतला ऐवज बाहेर येतो म्हणजे आवरणात कुठेतरी वाट आहे, असा त्याचा सरळ अर्थ होता. बहराम मोक्री आणि अँड्र्यू एंगेल यांनी १९७५ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पटलातील खंड प्रत्यक्ष दाखवले. तरीही हे खंड आजाराचे कारण आहेत की परिणाम, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर जनुकाच्या वाटेने मिळाले. बोस्टनमधील लुईस कुंकेल यांच्या गटाने १९८६ साली एक्स गुणसूत्रावरील संबंधित जनुकाचा माग काढला आणि १९८७ साली एरिक हॉफमन, रॉबर्ट ब्राउन व कुंकेल यांनी त्यातून घडणारे प्रथिन ओळखून त्याला डिस्ट्रोफिन हे नाव दिले. ७९ एक्सॉन (प्रथिनाची माहिती असलेले खंड) आणि २० लाखांहून अधिक बेसजोड्या असलेले हे मानवातील सर्वांत लांब जनुकांपैकी एक आहे. त्याचे प्रथिन मात्र स्नायूतील एकूण प्रथिनांच्या सुमारे ०.००२ टक्केच भरते. प्रारंभी ते स्नायूच्या आतील नलिकांच्या जोडस्थानी असते असे वाटले होते, पण १९८८ साली अनेक प्रयोगशाळांनी ते तंतूच्या बाह्य पटलाच्या आतल्या बाजूस असल्याचे दाखवले. डिस्ट्रोफिन स्वतः पटलात रुतलेले नसते. मग ते तेथे टिकते कशाच्या आधारे?

आयोवा विद्यापीठातील केव्हिन कॅम्पबेल आणि स्टीव्हन काल यांनी १९८९ साली केलेला प्रयोग या संपूर्ण इतिहासात मला सर्वांत देखणा वाटतो. सशाच्या स्नायूचे पटल त्यांनी सौम्य अपमार्जकात विरघळवले आणि ते द्रावण शर्करा पकडून ठेवणाऱ्या गव्हाच्या अंकुरातील प्रथिनाच्या स्तंभातून सोडले. डिस्ट्रोफिनला शर्करा जोडलेली नसते, तरीही ते स्तंभात अडकले. याचाच अर्थ ते पटलातील एखाद्या शर्करायुक्त प्रथिनाला घट्ट बिलगलेले होते. जेम्स एर्वास्टी व कॅम्पबेल यांनी पुढील दोन वर्षांत या प्रथिनांचा संपूर्ण समूह वेगळा केला. टोकियोत मिकिहारू योशिदा आणि एइजिरो ओझावा हेही त्याच दिशेने काम करत होते. १९९२ साली त्यांतील डिस्ट्रोग्लायकनची रचना उलगडली, तेव्हा साखळी पूर्ण झाली : पेशीच्या आतील तंतुमय प्रथिन अ‍ॅक्टिनला डिस्ट्रोफिन, डिस्ट्रोफिनला पटलातील बीटा-डिस्ट्रोग्लायकन, त्याला बाहेरील अल्फा-डिस्ट्रोग्लायकन आणि त्याला तंतूभोवतीच्या जाळीतील लॅमिनिन. शिवाय डिस्ट्रोफिन नसले की हा सारा समूहच पटलावरून कमी होतो, हेही दिसून आले.

निरोगी स्नायूत आकुंचनाचा ताण ही साखळी बाहेर पोचवते आणि पटलाला सावरून धरते. ती तुटल्यावर, विशेषतः ताणल्या जाणाऱ्या स्नायूला आकुंचन पावावे लागते तेव्हा, पटल फाटते, हे १९९३ साली डिस्ट्रोफिनविरहित उंदरांवर सिद्ध झाले. फाटलेल्या जागेतून कॅल्शियम आत शिरते आणि तंतूच्या नाशाला सुरुवात होते.

त्यानंतर अनेक वेगळ्या आजारांचा उलगडा एकाच आधाराने झाला. याच समूहातील सारकोग्लायकन नावाच्या चार प्रथिनांचे दोष १९९४ ते १९९६ या काळात कंबर व खांद्यांच्या स्नायुक्षयाशी जोडले गेले आणि लॅमिनिनमधील दोष जन्मजात स्नायुक्षयाशी. १९९८ साली सापडलेले डिस्फर्लिन हे प्रथिन मात्र या साखळीचा भाग नाही. ते नसलेल्या स्नायूत पटल पुरेसे भक्कम असते, पण त्याला पडलेली छिद्रे बुजत नाहीत, हे २००३ साली स्पष्ट झाले; म्हणजे पटल सावरणे आणि त्याची डागडुजी करणे ही दोन निराळी कामे ठरली.

उपचारांची आखणीही याच ज्ञानावर उभी आहे. जनुकाच्या सांकेतिक भागापैकी ४६ टक्के गमावलेला एक रुग्ण ६१ व्या वर्षीही चालत असल्याचे १९९० साली नोंदले गेले, आणि त्यातून लघु-डिस्ट्रोफिनची, म्हणजे आखूड केलेल्या पण काम करणाऱ्या प्रथिनाची, कल्पना बळावली. जनुक वाहून नेणाऱ्या छोट्या विषाणूत मावण्यासाठी मधला बराच भाग वगळला जातो. अ‍ॅक्टिनला आणि बीटा-डिस्ट्रोग्लायकनला धरणारे भाग मात्र राखले जातात. अशा पहिल्या उपचाराला अमेरिकेत २०२३ साली लहान मुलांसाठी सशर्त मान्यता मिळाली, आणि २०२५ मध्ये तीव्र यकृतविकाराने काही रुग्ण दगावल्यानंतर त्याच्या वापरावर बंधने आली.