कापसाचा बोळा, कागदाची चकती : कानाच्या पडद्यावरील बिनशस्त्रक्रियेच्या उपचारांची पार्श्वभूमी

खानापूर, चिकोडी, निपाणी या भागांत मुलाचा कान वाहू लागला की लसूण घालून कढवलेल्या तेलाचे दोन थेंब कोमट असतानाच कानात सोडायचे आणि वर कापसाचा बोळा बसवायचा, ही रीत आजही अनेक घरांत आढळते. पडदा फुटलेला असेल तर ते तेल थेट मध्यकर्णात उतरते, म्हणून ती ताबडतोब सोडायला हवी. बोळ्याचा इतिहास मात्र मोठा आहे.

भोक कशाने तरी झाकावे हा विचार जुना. १६४० साली मार्कुस बान्झर यांनी हस्तिदंती नळीवर ताणलेले डुकराचे मूत्राशय कानात बसवण्याचा उपाय नोंदवला. लंडनचे जेम्स यर्सली यांना १८४१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णाने दाखवून दिले, की थुंकीने भिजवलेला कागदाचा कपटा कानात सरकवला की आपल्याला ऐकू येते. त्यावरून त्यांनी ओल्या कापसाचा बोळा वापरात आणला. १८५३ मध्ये जोसेफ टॉयनबी यांनी चांदीच्या तारेला रबराची चकती जोडली. या सर्व साधनांनी ऐकू येई, पण ती काढली की भोक तसेच राही.

खरे वळण आले ते भोकाच्या कडेकडे लक्ष गेल्यावर. जुन्या भोकात बाहेरची त्वचा कडेवरून आत वळून आतल्या अस्तराला भिडते आणि तिथेच भरून येणे थांबते. ही कड डागून पुन्हा ताजी जखम केली, तर वाढ नव्याने सुरू होते. रूसा यांनी १८७६ मध्ये त्यासाठी सिल्व्हर नायट्रेट वापरले, तर ओकनेफ यांनी १८९५ मध्ये ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल. बोस्टनच्या क्लॅरेन्स ब्लेक यांनी भोकाहून किंचित मोठी कागदाची चकती पडद्यावर चिकटवली. तिच्या आधाराने त्वचेच्या पेशी सरकत भोक ओलांडतात. बाह्यरुग्ण विभागात दहा-पंधरा मिनिटांत होणारे हे काम आजही केले जाते आणि त्यासाठी बऱ्याचदा सिगारेटचा पातळ कागद पुरतो. जपानने २०१९ मध्ये मान्यता दिलेल्या उपचारात वाढघटकात, म्हणजे पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनात, भिजवलेला जिलेटिनचा स्पंज भोकात ठेवतात. कड ताजी करण्याचे तत्त्व तिथेही तेच आहे.

सीमाभागातील रुग्णांना पूर्वी १८९४ साली सुरू झालेल्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचा आधार असे. १९६३ पासून बेळगावातच वैद्यकीय महाविद्यालय आहे. थप्पड बसून किंवा विहिरीत सूर मारताना फाटलेला पडदा कान कोरडा राखल्यास बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. अंघोळीच्या वेळी कानात बसवायचा तो व्हॅसलीन लावलेला बोळा, तेलाचा नव्हे. तीन महिन्यांनंतरही भोक उरले, तर कागदाचा किंवा आम्लाचा विचार होतो. भोक मोठे असेल किंवा कान सतत वाहत असेल, तर शस्त्रक्रियेचा.