खारबंदिस्ती

भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून खाडीकाठी घातलेले मातीचे बांध, त्यांतील उघाड्या (पाणी सोडण्याच्या झडपा) आणि त्यांच्या आड पिकवलेली जमीन यांना मिळून कोकणात खारबंदिस्ती म्हणतात. रायगड जिल्ह्यातील अलिबाग-पेणकडचा खारेपाट हा तिचा मुख्य पट्टा. समुद्राची पातळी वाढत असताना किनारा सावरण्याच्या उपायांत आता तिची गणना होते. मूळ हेतू भातासाठी जमीन मिळवणे एवढाच होता.

बांधांच्या काळाबद्दल एकमत नाही. ब्रिटिशकालीन गॅझेटियरांनुसार कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील बहुतेक बांध १७५५ ते १७८० च्या दरम्यान मराठी अमलात ऐपतदार मंडळींनी घातले, असे सांगितले जाई. त्यांना शिलोत्रीदार म्हणत. बांध घालणे व बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, दुरुस्त राखणे ही त्यांची जबाबदारी. स्थानिक परंपरा श्रेय मराठा आरमाराचे सरदार असलेल्या आंग्र्यांना देते. दोहोंत फारसा विरोध नाही, कारण अलिबाग परिसर १८४० पर्यंत आंग्र्यांकडेच होता. गोव्यातील खाजण, म्हणजे अशाच बांध घालून मिळवलेल्या, जमिनींचा उल्लेख सहाव्या शतकाच्या सुमाराच्या ताम्रपटात असल्याचे मानतात. त्यावरून उत्तर कोकणातील बंदिस्तीही तितकीच जुनी ठरवणे धाडसाचे होईल. लहानसहान बांध आधीही असावेत, मात्र सलग बंदिस्ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कित्येक बंदिस्त्या मोडून तेथे कांदळवन (खारफुटीचे जंगल) माजत चालल्याचेही त्या गॅझेटियरांत आहे. शेतात कांदळवन शिरल्याची आजची तक्रार म्हणून नवी नाही.

बंदिस्तीचा जीव उघाडीत असतो. बांधातील मोरीच्या खाडीकडच्या तोंडाशी वरून टांगलेली झडप भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. निचऱ्याला मिळतो तो ओहोटीचा काळ. खाडीची पातळी थोडी जरी वर राहिली तरी हा काळ आखडतो. त्यामुळे बांध न फुटताही, उधाण आणि मुसळधार पाऊस एका दिवशी आले की भात पाण्याखाली राहते. चर्चा बहुधा बांधाच्या उंचीची होते. निचऱ्याचा हा मुद्दा मागे पडतो.

बांधाला खांड (भगदाड) पडली तर पुढच्या उधाणाआधी मेढी, पेंढा व चिखल घालून ती बुजवावी लागते, नाहीतर दर भरतीला ती रुंदावते. खारे पाणी एकदा आत फिरले की मीठ धुऊन जायला काही पावसाळे लागतात. पूर्वी डागडुजी गावकीने सामूहिक श्रमाने होई. अलिबागकडे यांना जोळाची कामे म्हणत. अलिबागजवळच्या चरी गावचा कुळांचा संप (१९३३–३९) व नंतरचे कूळकायदे यांमुळे जमीन कसणाऱ्याकडे आली, पण बाहेरकाठ्याचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न उरला. १९४८ आणि १९७९ च्या खारभूमी कायद्यांनी तो सरकारकडे नेला. जोळ मोडली ती बऱ्याच अंशी यानंतर.

पिकाच्या बाजूने शेतकऱ्यांनी आधीच वाट काढली होती. मोड आणलेले बी चिखलात फेकण्याची रहू पद्धत आणि मीठ सोसणारे राता भात ही तिची उदाहरणे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काळा राता व भुरा राता यांतून निवड वाण काढले. पुढे पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ आले. घराजवळच्या तळ्यात जिताडा मासा वाढवणे हीही खारेपाटातली रूढ जोड आहे.

अरबी समुद्रातील चक्रीवादळे अलीकडच्या दशकांत वाढल्याचा हवामानशास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्यालगतून गेले. लाटांचा जोर मोडणारे कांदळवन अशा वेळी बांधाचे रक्षण करते. तेच खांडीतून शेतात रुजले की शेतकऱ्याची अडचण होते, कारण मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ व २०१८ च्या आदेशांनुसार ते तोडता येत नाही. सरसकट सूट देणे घातक ठरेल. मात्र नांगरती जमीन दुरुस्तीअभावी वन ठरते, ही तक्रार रास्त आहे.

रत्नागिरी व सिंधुदुर्गात सपाट खाडीकाठ कमी, म्हणून बंदिस्ती तुटक आहे. तेथे भर कांदळवनावर आधारलेल्या उपजीविकांवर दिसतो: खेकडापालन, कालवे (खाण्याचे शिंपले) वाढवणे, तसेच वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने चालवलेली कांदळवन सफर.