ऑनलाइन बुद्धिबळ: खेळणं वेगळं, शिकणं वेगळं

"मुलगी रोज दोन तास ऑनलाइन बुद्धिबळ शिकते," असं पालक सांगतात तेव्हा मी आधी विचारतो, त्या दोन तासांत डाव किती होतात? उत्तर वीस-पंचवीस असं आलं, तर ती खेळतेय, शिकत नाहीये. खेळू दे, त्यात वाईट काही नाही. पण ते दोन तास अभ्यासाच्या खात्यात जमा झाले, की वर्षभराने घरात चिडचिड सुरू होते: एवढा वेळ देऊनही स्पर्धेत काहीच कसं जमत नाही?

गोंधळ होणं साहजिक आहे. लिचेस काय किंवा चेस डॉट कॉम काय, बुद्धिबळाच्या या संकेतस्थळांवर एकाच पडद्यावर डाव, कोडी, व्हिडिओ आणि विश्लेषण सगळं असतं. पूर्वी या दोन गोष्टींच्या जागाच वेगळ्या होत्या. खेळायचं ते क्लबात किंवा कोणाच्या तरी ओट्यावर, आणि शिकायचं ते सरांसमोर वही घेऊन. आता दोन्हींमध्ये एका बोटाचं अंतर आहे, आणि ते बोट बहुतेक वेळा 'नवीन डाव' याच बटणावर पडतं.

आधी खेळण्याचे फायदे, कारण ते खरोखर मोठे आहेत. तालुक्याच्या गावात बुद्धिबळ खेळणारे चार जण असतील, तर वर्षानुवर्षं त्याच चौघांशी डाव होतात आणि एकमेकांच्या सवयी पाठ होऊन जातात. ऑनलाइन रात्री नऊला बसलात तरी आपल्याच ताकदीचा प्रतिस्पर्धी काही सेकंदांत मिळतो. तो ब्राझीलचा असेल किंवा बार्शीचा. शिकलेली ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, त्याच आठवड्यात दहा वेगवेगळ्या लोकांवर वापरून बघता येते. प्रवास नाही, प्रवेश फी नाही, सुट्टी टाकायला नको. लिचेस तर पूर्ण मोफत आहे, जाहिरातीही नाहीत. ते देणग्यांवर चालतं. ज्या घरात क्लासची फी परवडत नाही, तिथल्या मुलासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

आता तोटा. बुलेट म्हणजे अख्ख्या डावाला प्रत्येकी साधारण एक मिनिट, ब्लिट्झ म्हणजे तीन किंवा पाच. एवढ्या वेळात चाल शोधायला सवडच नसते, हाताला जी चाल सुचते ती केली जाते. शिवाय तिथे जे खपतं ते पटावर खपत नाही. नवशिक्यांचा लाडका प्रकार घ्या (पटावरच्या उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८, त्यावरून घराचं नाव): राजासमोरचं प्यादं ई४ वर, समोरूनही ई५, मग वजीर थेट एच५ वर, उंट सी४ वर, आणि एफ७ वर मात. घाईच्या डावात समोरचा घोडा एफ६ वर आणतो आणि हरतो, म्हणून मूल हेच पुन्हा पुन्हा करतं. समोर शांत डोक्याचा खेळाडू असेल, तर तो जी६ खेळतो. वजीर एफ३ वर मागे जातो, आणि आता घोडा एफ६ वर येऊन मात करण्याची धमकीही थांबवतो व स्वतःही बाहेर पडतो. वजिराने दोन चाली घालवल्या, मिळालं काहीच नाही. पण ऑनलाइन दहापैकी सहा वेळा हा डाव लागत असेल, तर तो सोडावा असं मुलाला का वाटेल?

शिकणं कसं दिसतं, ते एका स्थितीत दाखवतो. पांढऱ्याचा राजा डी६ वर, प्यादं ई६ वर. काळ्याचा एकटा राजा डी८ वर. चाल काळ्याची असेल, तर पांढरा जिंकतो: काळा राजा ई८ वर गेला की प्यादं ई७ वर, काळा राजा एफ७ वर सरकला की पांढरा राजा डी७ वर, आणि प्याद्याचा वजीर होणार. पण अगदी याच स्थितीत चाल पांढऱ्याची असेल, तर बरोबरी. प्यादं ई७ वर नेऊन शह दिला, काळा राजा ई८ वर आला, आता प्यादं राखायला पांढऱ्याला ई६ वर जावंच लागतं, आणि तिथे काळ्याला चालच उरत नाही: स्टेलमेट. सोंगट्या त्याच, घरं तीच, फरक फक्त चाल कोणाची याचा.

तीन मिनिटांच्या डावात ही स्थिती आली, तर घड्याळात आठ सेकंद उरलेले असतात. मूल प्यादं पुढे ढकलतं, बरोबरी होते, आणि पुढचा डाव सुरू. त्याच्या दृष्टीने ते नशीब. तीच स्थिती खऱ्या पटावर मांडून, दोन्ही बाजूंनी खेळून, त्या स्थितीच्या आधी काळा राजा ई७ वरून मागे सरळ ई८ वर का जातो हे स्वतः शोधायला अर्धा तास लागतो. ते एकदा डोक्यात बसलं, की मग डावात चार चाली आधीच कळतं की प्याद्यांची मारामारी करावी की थांबावं. हा अर्धा तास रेटिंगमध्ये, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्यात, कुठेच दिसत नाही, म्हणून तो सगळ्यात आधी कापला जातो.

इंजिनबद्दल, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक प्रोग्रामबद्दल, मी जरा कडक आहे. डाव संपताच विश्लेषणाचं बटण दाबायचं, लाल खुणांची चूक कुठे झाली ते बघायचं, 'हां, इथे घोडा हवा होता' म्हणायचं आणि पुढे जायचं. याला शिकणं म्हणता येत नाही. घोडा हवा होता हे इंजिनने सांगितलं. तो आपल्याला का दिसला नाही, हे ते सांगत नाही. आधी स्वतः डाव परत लावा, जिथे जास्त विचार केला तिथे काय वाटलं होतं ते लिहा, आणि त्यानंतर इंजिन उघडा. गुकेशचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला सुरुवातीची बरीच वर्षं इंजिनपासून लांब ठेवलं होतं. तोच गुकेश २०२४ मध्ये सिंगापूरला अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. प्रत्येकाने त्याच वाटेने जावं असं नाही, पण स्वतःच्या डोक्याने मोजण्याची सवय आधी लागली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कोडी सोडवणं हे खेळणं आणि शिकणं या दोन्हींच्या मधे कुठेतरी येतं. त्यातून नमुने डोळ्यात बसतात, हे खरं. पण कोडं समोर आलं की इथे काहीतरी आहे हे आधीच माहीत असतं. डावात असं कोणी खांद्यावर हात ठेवून सांगत नाही. घड्याळ लावून सोडवलेली पन्नास कोडी आणि शेवटच्या चालीपर्यंत मनात मोजून सोडवलेली पाच, यांत मी पाच निवडेन.

ऑनलाइन क्लासचं काय? चांगला प्रशिक्षक गावात नसेल, तर तो आता पुण्या-नाशिकहून घरात येतो. न्यू जर्सीतल्या मराठी घरातलं मूलसुद्धा इथल्या सरांकडे मराठीतून शिकू शकतं. मात्र बॅच मोठी असेल आणि पटावर फक्त सरच सोंगट्या हलवत असतील, तर तो क्लास व्हिडिओसारखाच झाला. फी भरण्याआधी एकच विचारा: माझ्या मुलाने हरलेला डाव महिन्यातून किती वेळा उघडून बघितला जाईल?

रेटिंगचा घोळ थोडक्यात. लिचेसवर नव्या खात्याची सुरुवातच १५०० पासून होते. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, यादीत मार्च २०२४ पासून सर्वात खालचा आकडा १४०० आहे, आणि तिथे पहिलं रेटिंग मिळवायलाही रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव लागतात. दोन आकड्यांची मोजपट्टीच वेगळी. ऑनलाइन १६०० बघून मुलाला थेट खुल्या स्पर्धेत उतरवलं आणि पहिल्या फेऱ्यांत मार बसला, तर त्यात त्याचा दोष काही नाही.

खऱ्या पटावर आणखीही बरंच काही बदलतं. ऑनलाइन नियमबाह्य चाल होतच नाही, सॉफ्टवेअर सोंगटी परत ठेवतं. स्पर्धेत शह न बघता दुसरंच काही खेळलात, तर क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या, डावात पहिल्या वेळी प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जास्त मिळतात आणि दुसऱ्या वेळी डाव जातो. हात लावलेली सोंगटी हलवावीच लागते. कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) करताना आधी हत्तीला हात लावला, तर हत्तीच खेळावा लागतो. चाली लिहाव्या लागतात. फक्त मोबाइलवर खेळलेल्या मुलांना पटावर सोंगट्या समोर उभ्या दिसल्या की लांब कर्णावरचा उंट नजरेतून निसटतो, हे मी वारंवार पाहतो.

उलट बाजूने, ऑनलाइन खेळात अशी संकटं आहेत जी पटावर येतच नाहीत. समोरचा इंजिन लावून खेळतोय का, हा संशय. आणि इंटरनेट. २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेच्या, अंतिम फेरीत निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचं कनेक्शन तुटलं आणि वेळ संपल्याने दोघांचे डाव गेले; भारताने दाद मागितल्यावर भारत आणि रशिया यांना संयुक्त विजेते ठरवलं गेलं. नाशिकचा विदित गुजराथी तेव्हा कर्णधार होता. त्याच दिव्याने २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला समोरासमोर बसून, अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला.

घरी करायचंच असेल, तर माझा सल्ला असा. आठवड्यातले दोन-तीन डाव पंधरा मिनिटं अधिक प्रत्येक चालीला दहा सेकंद अशा वेळेचे खेळा. खेळताना शेजारी लाकडी किंवा प्लास्टिकचा पट ठेवा, चाल आधी त्यावर करा, वहीत लिहा, आणि मग पडद्यावर. लिहिलेल्या डावांतला एक हरलेला डाव रविवारी इंजिनशिवाय परत लावा. ब्लिट्झ त्यानंतर, हवं तेवढं, आणि ते खेळ म्हणूनच.