मिनिटभराच्या ओळखीत काय हरवतं?

धंद्यासाठी ओळखी वाढवायचं नेटवर्किंग शिकवणाऱ्या वर्कशॉपमध्ये एक स्लाइड हमखास असते, 7-38-55 ची. म्हणजे तुमच्या बोलण्याचा परिणाम शब्दांमुळे फक्त 7 टक्के, आवाजामुळे 38 आणि देहबोलीमुळे 55. आणि त्याला जोडून सल्ला, की नजरेला नजर देऊन बोला, हात घट्ट मिळवा, हसत राहा. आता ज्याला ऑटिझम आहे, म्हणजे मेंदूची घडणच वेगळी असल्याने ज्याची लोकांशी बोलायची-मिसळायची रीत वेगळी असते, जो स्वतःचं युनिट चालवतो, माल उत्तम बनवतो, त्याने हे ऐकलं की त्याला वाटणार आपण 93 मार्कांना बसायच्या आधीच नापास! म्हणून सांगतो, ते आकडे असे वापरणं साफ चुकीचं आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधल्या दोन प्रयोगांतून ते आलेत. त्यात लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही एवढंच ओळखायला सांगितलं. तुमच्या मशीनची क्षमता काय नि रेट काय हे सांगण्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि भावना सोडून बाकी बोलण्याला हे सूत्र लावू नका असं स्वतः मेहराबियननीच सांगितलंय.

पण पहिली छाप पडते हे खरंच आहे. ती कशी पडते यावरचा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. 2017 साली टेक्सासमधल्या डॅलसच्या विद्यापीठातल्या नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. ऑटिस्टिक आणि बिगर-ऑटिस्टिक अशा दोन्ही गटांतल्या मोठ्या माणसांना एका काल्पनिक टीव्ही शोसाठी मिनिटभर स्वतःबद्दल बोलायला लावलं. बीएनआयसारख्या, म्हणजे व्यावसायिकांच्या दर आठवड्याला सकाळी भरणाऱ्या ओळखीच्या मीटिंगमध्ये आपली पाळी आल्यावर उभं राहून बोलतो ना, जवळपास तसंच. मग त्याचे छोटे तुकडे तिऱ्हाइतांना दिले, पण पाच प्रकारे: कुणाला आवाजासकट व्हिडिओ, कुणाला आवाजाशिवाय व्हिडिओ, कुणाला नुसता आवाज, कुणाला एकच फोटो आणि कुणाला फक्त लिहून काढलेलं बोलणं. विचारलं, की या माणसाशी गप्पा माराव्याशा वाटतात का, शेजारी राहायला चालेल का. ऑटिस्टिक लोकांबद्दलची मतं काही सेकंदांत खाली गेली, आणि जास्त वेळ बघूनही सुधारली नाहीत. पण लिहिलेलं बोलणं ज्यांनी वाचलं त्यांच्यात हा फरक दिसलाच नाही! म्हणजे माणूस काय सांगतोय त्यात खोट नव्हती, सांगण्याची ढब वेगळी होती, आणि लोक ढबीवरून निकाल देत होते.

ही ढब म्हणजे नेमकं काय, तर त्यात वेळेचा भाग मोठा असावा असं मला वाटतं, आणि ते जरा खोलात जाऊन बघण्यासारखं आहे. जगातल्या 10 भाषांमधल्या संभाषणांच्या 2009 च्या अभ्यासात दिसलं की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत मध्ये साधारण 200 मिलिसेकंद जातात, भाषेभाषेत थोडा फरक पण आकडा याच्याच आसपास. आता गंमत बघा, एखादा शब्द मनात शोधून तोंडावर आणायला मेंदूला 600 मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. मग 200 मध्ये उत्तर येतं कसं? तर समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज बांधतो, त्याच्या आवाजाची चढउतार, व्याकरण, नजर यावरून, आणि आपलं उत्तर आधीच तयार करायला घेतो. ऐकणं आणि बोलण्याची तयारी एकाच वेळी! त्यात हॉलमध्ये 80 माणसं एकदम बोलत असतील, एसी घरघरत असेल, आणि समोरच्याची लय आपल्या सवयीची नसेल, तर अंदाज चुकतो, उत्तर उशिरा येतं किंवा मध्येच पडतं, आणि समोरच्याला वाटतं हा माणूस तुटक आहे.

अंदाज चुकतो तो दोन्ही बाजूंनी, हा मुद्दा डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने 2012 मध्ये मांडला. ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत असं म्हणतात, तसंच इतरांनाही तो कळत नसतो. मग 2020 मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टींसारखा प्रयोग केला, 8-8 जणांच्या साखळ्या. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच नीट पोचली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असताना, मिश्र साखळीत मात्र जास्त गळाली. पुढे 2025 मध्ये 311 जणांवर हाच प्रयोग केला तेव्हा मिश्र साखळीतली ती गळतीही दिसली नाही, तिन्ही सारख्याच. म्हणजे माहिती पोचवण्यात ऑटिस्टिक माणूस कमी पडतो हे दोन्ही प्रयोगांत दिसलं नाही.

हे सगळं ऑटिझमबद्दल झालं. एडीएचडीवाल्याची, म्हणजे ज्याचं लक्ष एका जागी टिकत नाही त्याची अडचण वेगळी, त्याचं बोलणं कदाचित झकास होतं पण कार्ड खिशात राहतं नि फॉलोअप आठवड्याने आठवतो. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यात अडचण असेल तर लेखी ईमेल हाच त्रास, त्याला व्हॉइस नोट सोपी. सगळ्यांना एकच औषध नाही. आणि "हा आजार नाही, ही सुपरपॉवर आहे" अशा पोस्टींपासूनही लांब राहा. व्हर्जिन कंपनीवाले उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन यांना डिस्लेक्सिया आहे हे खरं, पण त्यावरून डिस्लेक्सियाने धंदा चालतो असं सिद्ध होत नाही, न चाललेल्यांवर कोण पोस्ट लिहितंय?

मग करायचं काय? ऑटिस्टिक उद्योजकाने मीटिंगच्या आदल्या दिवशी दोन-तीन जणांनाच लेखी मेसेज पाठवावा, आपण काय बनवतो, कोणाला उपयोगी, काय हवंय. मजकूर आधी पोचला की ढबीचा निकाल उशिरा लागतो. भेट हॉलबाहेर, एकेकाशी. आपल्याला ऑटिझम असल्याचं निदान झालंय हे सांगायचं का? सॅसन यांच्याच 2019 च्या अभ्यासात, ऑटिझम आहे हे आधी कळल्यावर लोकांची मतं सुधारली, आणि ज्यांना ऑटिझमबद्दल जास्त माहिती होती त्यांची जास्त. आपल्याकडे ती माहिती फार थोड्यांना आहे, म्हणून मी निदानापेक्षा गरज सांगेन: "गर्दीत मला नीट ऐकू येत नाही, पाच मिनिटं बाहेर बोलूया का?"

आणि संख्येमागे धावायची गरज नाही, पण अगदी जवळच्यांतच राहूनही भागत नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्येच दाखवलं की नवी माहिती बहुतेकदा जुजबी ओळखीतून येते, कारण जवळच्यांना माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. 2022 मध्ये लिंक्डइनच्या 2 कोटींहून जास्त लोकांवरच्या प्रयोगांत नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी पडल्या त्या मध्यम कच्च्या ओळखी, अगदी तुटपुंज्या नव्हेत. अशी ओळख जपायला वर्षातून दोन-तीन लेखी मेसेज पुरतात, त्यासाठी दर आठवड्याला सकाळी सातला हॉलमध्ये हसत उभं राहावं लागत नाही. आयोजकांनीही येणाऱ्यांची यादी आणि प्रत्येकाच्या दोन ओळी आदल्या दिवशी ग्रुपवर टाकाव्यात आणि एक शांत खोली उघडी ठेवावी. याला पैसे लागत नाहीत.