गोव्यातल्या शहरांत वारसास्थळाला संरक्षण कसे मिळवावे: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

मडगाव, म्हापसा, फोंडा, पणजी. कुठल्याही शहरात जा, चिऱ्याची जुनी घरे उतरवून तिथे इमारती उभ्या राहताना दिसतात. यात सर्वांत जास्त नुकसान एका समजाने केले आहे. वास्तू शंभर वर्षांची झाली की सरकार तिला आपोआप संरक्षण देते, असे पुष्कळजण धरून चालतात. कायद्यात तसे काहीही नाही. वास्तूचे नाव राजपत्रातल्या अधिसूचनेत नसेल आणि नगरनियोजनाच्या आराखड्यात ती जागा संवर्धन क्षेत्रात दाखवलेली नसेल, तर नेहमीचे परवाने घेऊन मालक ती पाडू शकतो. बोर्डा-मडगावचे सात बुरुजांचे घर सगळ्या गोव्याला ठाऊक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या त्या घराच्या सात उतरत्या छपरांपैकी आज तीनच उभी आहेत.

त्यामुळे आपल्या वाड्यावरची तळी, विहीर, घर, घुमटी किंवा एखादा अख्खा रस्ता राखायचा असेल तर कागद हलवायला हवा, आणि तो बांधकामाचा फलक लागायच्या आधी. फलक लागला म्हणजे परवाने बहुधा झालेले असतात.

कोणत्या वाटेने जायचे

गोव्यात संरक्षणाच्या तीन वाटा आहेत. चुकीच्या वाटेवर गेलेली फाइल वर्षानुवर्षे पडून राहते, म्हणून हे आधी ठरवा.

पहिली वाट केंद्राची. 1958 च्या प्राचीन स्मारके कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ‘राष्ट्रीय महत्त्वाची’ स्मारके सांभाळते. गोव्यात अशी 21 स्मारके आहेत: जुन्या गोव्यातली चर्चेस, तांबडी सुर्लाचे महादेव मंदिर, फोंड्याची साफा मशीद, चांदरचे उत्खननस्थळ वगैरे. शहरातल्या एखाद्या घरासाठी किंवा विहिरीसाठी ही वाट धरू नका. तिथला निकष फार वरचा आहे.

दुसरी वाट राज्याच्या पुरातत्त्व खात्याची. गोव्याचा स्वतःचा प्राचीन स्मारके कायदा 1978 चा आहे आणि त्याचे नियम 1980 चे. राज्य संरक्षित स्मारकांची यादी 51 ची. शापोरा, हळर्ण आणि कोरजुवेचे किल्ले, खांडेपारच्या गुहा, डिचोलीची नमाजगा, उसगाळीमळची कातळशिल्पे, नार्वेचे सप्तकोटेश्वर ही त्यातली काही नावे. किल्ला, गुहा, शिलालेख, जुने देऊळ, दगडी तळी, दीपस्तंभ, विरगळ अशा गोष्टींना ही वाट योग्य.

तिसरी वाट नगरनियोजनाची. माझ्या मते शहरातल्या लोकांनी सर्वांत आधी हीच पाहावी, आणि नेमकी हीच कोणाला ठाऊक नसते. पणजीचे फोंताईन्हास आपल्याला आवडते ते एखाद्या एकट्या घरासाठी नव्हे. अरुंद रस्ता, रंगवलेल्या भिंती, बाल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा), वरची कौले या सगळ्यांनी मिळून तो परिसर होतो. त्यातले प्रत्येक घर सुटेसुटे ‘स्मारक’ म्हणून कधीच पात्र ठरणार नाही. मडगावात कोंबचे दामोदर साल, मालभाट, दिंडी जाते तो मार्ग, होली स्पिरिट चर्चसमोरचा चौक यांचेही तसेच आहे. अशा परिसरासाठी नियोजन आणि विकास प्राधिकरणाच्या बाह्यरेखा विकास आराखड्यात, म्हणजे ज्याला आपण ओडीपी म्हणतो त्यात, संवर्धन क्षेत्र दाखवता येते. मग तिथले नवे बांधकाम, उंची आणि दर्शनी भागातला बदल संवर्धन समितीसमोर तपासला जातो. याचा आधार म्हणजे 1974 चा नगर व ग्राम नियोजन कायदा आणि 2010 चे भूविकास व इमारत बांधकाम विनियम.

पात्रता

केंद्राच्या कायद्यानुसार वास्तू किमान 100 वर्षे अस्तित्वात असावी आणि तिला ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक मोल असावे. राज्याच्या अर्जातही वय आणि मोल या दोन्ही गोष्टी पुराव्यानिशी मांडाव्या लागतात. संवर्धन क्षेत्राच्या मागणीत वयाइतकाच परिसराच्या एकसारखेपणाला अर्थ आहे: सलग किती घरे जुन्या बांधणीची, रस्त्याची रुंदी किती, छपरांची उंची कुठवर.

अर्जदार मालकच हवा असे नाही. घोषित करण्याचा अधिकार सरकारचा आहे. प्रस्ताव नागरिक, संस्था, देवस्थान समिती, नगरसेवक कोणीही पाठवू शकतो. पण मालक, भाडेकरू आणि मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा) यांच्याशी बोलल्याशिवाय अर्ज करू नका. हरकतीच्या टप्प्यावर तेच समोर येतात. मुंडकाराला 1975 च्या कायद्याने निवाऱ्याचा हक्क आहे. तो हक्क स्मारकामुळे जाईल अशी भीती त्याला वाटली, तर उत्तम प्रस्तावही तिथेच अडतो.

मालकांची भीती याहून मोठी असते: सरकार घर काढून घेईल. अधिसूचनेने मालकी बदलत नाही. देखभालीबाबत सरकार मालकाशी करार करू शकते, आणि देऊळ किंवा चर्च असेल तर पूजा-प्रार्थना चालू राहते. पाडणे, विद्रूप करणे, परवानगीशिवाय बदल करणे यांवर मात्र बंदी येते. मालकाला हे गोड शब्दांत गुंडाळून सांगू नका, सरळ सांगा.

कागदपत्रे

अर्ज टिकतो तो जमिनीच्या कागदांवर. इतिहासाची दहा पाने जोडली आणि सर्व्हे नंबर चुकला, तर संरक्षण शेजारच्या भूखंडाला मिळेल.

शहर सर्वेक्षणाच्या हद्दीत जागा असेल तर चलता नंबर (शहर सर्वेक्षणातला भूखंडाचा क्रमांक) आणि पी. टी. शीट नंबर (तो भूखंड ज्या नकाशाच्या पानावर आहे त्याचा क्रमांक) लागतात, सोबत फॉर्म डी, म्हणजे मालमत्तेचा उतारा. हद्दीबाहेर असेल तर सर्व्हे नंबर, उपविभाग आणि एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा, उतारा. दोन्ही बाबतींत भूमापन खात्याकडून प्रमाणित नकाशा घ्या आणि त्यावर वास्तूची सीमा लाल शाईने आखा. ही लाल रेघ आखताना घाई नको. पी. टी. शीटवर तळीचा चौकोन दिसतो, पण तळीकडे उतरणाऱ्या पायऱ्या, पाणी येण्याची वाट, काठावरचा वड किंवा घुमटी पुष्कळदा शेजारच्या चलता नंबरात पडते. रेघ फक्त पाण्याभोवती काढली की पुढे पायऱ्यांवर कुंपण येते आणि तळी नुसता खड्डा होऊन राहते. नकाशा हातात घेऊन जागेवर जा, टेप लावून मोजा आणि जितके चलता नंबर लागतात तितके सगळे अर्जात लिहा.

मालकीसाठी पोर्तुगीज काळातले कागद मिळाले तर फार कामाचे: डिस्क्रिप्शन नंबर (जमीन नोंदणीतला), मात्रिझ नंबर (महसुली करनोंदीतला), इन्व्हेंटरीचे (वारसांतल्या वाटणीचे) कागद, जुनी खरेदीखते. वास्तू किती जुनी आहे हे दाखवायलाही हेच उपयोगी पडतात. ते घरात नसतील तर पणजीचे पुराभिलेख खाते गाठा. 1595 साली सुरू झालेल्या या दप्तरात पोर्तुगीज नोंदींबरोबर मोडी कागदपत्रेही आहेत. पाटोच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रे आणि पोर्तुगीज सरकारचे राजपत्र चाळता येते. एखाद्या रस्त्याचे, तळीचे किंवा देवळाचे नाव तिथल्या छापील पानावर सापडले, तर त्या एका छायाप्रतीचे वजन गावातल्या वीस तोंडी आठवणींहून जास्त भरते. तोंडी आठवणीही लिहून घ्याच, पण सांगणाऱ्याचे वय आणि सही घेऊन.

देवस्थानच्या मालमत्तेला समितीचा ठराव जोडा. महाजनांची (देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांची) देवस्थाने 1933 च्या नियमावलीखाली चालतात आणि मामलेदार त्यांचे प्रशासक असतात, म्हणून अर्जाची प्रत मामलेदारांनाही द्या. कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या सामाईक संस्थेची) जमीन असेल तर कोमुनिदादचे म्हणणे घ्या. खासगी घरात सगळ्या हिस्सेदारांची नावे लिहा. गोव्याच्या नागरी कायद्यात पतिपत्नींची मालमत्ता बहुधा सामाईक असते, म्हणून संमतिपत्रावर दोघांच्या सह्या घ्या.

फोटो चारही बाजूंचे, आतले, आणि एक लांबून परिसरासकट. मोजपट्टी किंवा माणूस उभा करून काढले तर आकार कळतो. प्रत्येक फोटोमागे तारीख आणि दिशा लिहा.

आता वर्णन. ‘ही वास्तू अत्यंत प्राचीन असून आमच्या अस्मितेचे प्रतीक आहे’ या वाक्याचा अधिकाऱ्याला काहीच उपयोग नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘भिंती चिऱ्याच्या, वर चुन्याचा गिलावा, पश्चिमेच्या पाच खिडक्यांपैकी तीन खिडक्यांत शिंपल्यांची तावदाने शाबूत, दारासमोर दोन्ही बाजूंना सोपो (बसायचे कट्टे), आत राजांगण (उघडा चौक), मधोमध तुळस, मागच्या छपराची कौले काढून पत्रे घातले आहेत.’ मोडलेले काय आहे तेही लिहाच. पाहणीला आलेल्या माणसाला ते दिसणारच, आणि कागदात आधीच असेल तर तुमच्या बाकीच्या म्हणण्यावर त्याचा विश्वास बसतो.

अर्ज कुठे आणि पुढे काय

राज्य संरक्षणासाठी अर्ज पणजीला पुरातत्त्व संचालकांच्या नावे लेखी द्यावा, आवक क्रमांक टाकून पोच घ्यावी. खाते जागेची पाहणी करते. प्रस्ताव पटला तर सरकार आधी राजपत्रात इराद्याची अधिसूचना काढते आणि तिची प्रत जागेवर लावली जाते. केंद्राच्या कायद्यात हरकतींसाठी दोन महिने असतात. राज्याचा कायदाही त्याच धर्तीचा. हरकती ऐकल्यावर अंतिम अधिसूचना निघते. इराद्याची अधिसूचना निघाली म्हणजे काम झाले असे समजून लोक इथे सुस्तावतात. मालकाची हरकत दाखल होते आणि बाजूने बोलणारा एकही कागद फाइलमध्ये नसतो. पाठिंब्याची पत्रे याच दोन महिन्यांत द्या.

संवर्धन क्षेत्रासाठी आपल्या शहराचे प्राधिकरण गाठायचे. मडगाव आणि फोंडा दक्षिण गोवा प्राधिकरणाकडे येतात, वास्को मुरगाव प्राधिकरणाकडे. ओडीपीचा मसुदा जाहीर होतो तेव्हा नोटिशीत सूचना-हरकतींची मुदत दिलेली असते. तुमची मागणी त्या मुदतीत गेली तर तिची सुनावणी होते. एरवी दिलेले निवेदन नुसते निवेदनच राहते. म्हणून नकाशा, फोटो, घरांची यादी हे सारे मसुदा येण्याआधी तयार ठेवा. नगरपालिकेचा पाठिंब्याचा ठराव मिळाला तर तोही जोडा.

तुमचे घर आधीच केंद्र संरक्षित स्मारकाजवळ असेल, उदाहरणार्थ फोंड्यात साफा मशिदीच्या किंवा जुन्या गोव्यात चर्चेसच्या आसपास, तर गोष्ट वेगळी. स्मारकाच्या संरक्षित सीमेपासून 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र असते. तिथे नवे बांधकाम नाही, फक्त दुरुस्ती, आणि तीही 16 जून 1992 पूर्वीच्या किंवा नंतर रीतसर परवानगीने बांधलेल्या वास्तूची. त्यापुढचे 200 मीटर नियमित क्षेत्र. तिथे बांधकाम करता येते, पण परवानगी घेऊन. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा. तो 15 दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो, तिथे दोन महिने लागतात, आणि त्यांचे मत आल्यावर एका महिन्यात निर्णय. परवानगीशिवाय बांधकाम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. या अर्जालाही तोच फॉर्म डी किंवा एक-चौदा, नकाशा, प्रस्तावित बांधकामाचे आराखडे आणि जुन्या बांधकामाचा पुरावा लागतो.

पाया खणताना मूर्ती, नाणी, कोरीव दगड निघाले तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. पुरातत्त्व खात्यालाही कळवा. मूर्ती धुऊन, शेंदूर लावून दुसरीकडे बसवू नका. ती कोणत्या थरात, कोणत्या दिशेला तोंड करून होती, ही माहिती मूर्तीइतकीच मोलाची असते.

अर्ज दिल्यावर महिना-दोन महिन्यांनी हालचाल दिसत नसेल तर माहिती हक्काखाली दहा रुपये भरून फाइलवरच्या टिपणांच्या प्रती मागा. ‘माझ्या अर्जाचे काय झाले’ असे विचारले की ‘विचाराधीन’ एवढेच उत्तर येते. टिपणांच्या प्रती आणि पाहणी अहवालाची प्रत मागितली की फाइल कोणत्या टेबलावर, कशासाठी अडली आहे ते कळते. उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे.

आणि मधल्या काळात पाडकाम सुरू झाले तर त्याच दिवशी तारखेसह फोटो काढून तीन ठिकाणी लेखी तक्रार द्या: नगरपालिकेचे मुख्याधिकारी (पणजीत महापालिका आयुक्त), प्राधिकरणाचे सदस्य सचिव, आणि पुरातत्त्व संचालक. तक्रारीत चलता नंबर, तुमच्या अर्जाचा आवक क्रमांक आणि परवान्याची प्रत दाखवण्याची मागणी असू द्या. परवाना नसेल किंवा त्याच्या अटी मोडल्या असतील तर काम थांबवण्याची नोटीस निघू शकते. फोनवर सांगून घरी बसलात तर दुसऱ्या दिवशी दाखवायला तुमच्याकडे कागद नसतो.